रिकाम्या मशिदीची बांग

बायको गेली, त्यानंतर दीड वर्षाने मी सायझिंगमधून निवृत्त झालो. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावून वाळवावं लागतं. भिवंडीत ते काम जिथे चालतं त्या कारखान्याला सायझिंग म्हणतात. माझी एकोणतीस वर्षं तिथे गेली. वाफ, खळीचा आंबूस वास आणि कायम ओले हात. शिफ्ट सुटली की घरी यायचं, जेवायचं, झोपायचं आणि पुन्हा ड्युटीवर जायचं. आपण कशासाठी जगतो, हा प्रश्न पडायला माणसाला थोडी उसंत लागते. मला ती साठीला मिळाली, आणि मिळाल्यावर तिचं काय करायचं ते कळेना.

मुलगा सौदीला, मुलगी पनवेलला तिच्या सासरी. शहरातल्या आमच्या खोलीखाली चोवीस माग होते. ते लोडशेडिंगचे दिवस होते. वीज गेली की सगळे माग एकदम थांबत, आणि त्या शांततेत घरात दुसरं कुणी नसल्याचं मला अक्षरशः ऐकू येई. तीन-चार महिने मी ते सोसलं. मग एक दिवस दोन पिशव्या भरल्या आणि गावी आलो.

आमचं गाव खारबावच्या पुढे, खाडीच्या अंगाला. वस्ती बहुतेक आगरी. त्यांच्यात आमची कोकणी मुसलमानांची अकरा घरं होती. मी लहान असताना ती सगळी भरलेली असत. मग कुणी कुवेतला गेलं, कुणी मुंब्र्याला, कुणी भिवंडीतच माग टाकले. मी परत आलो तेव्हा नऊ घरांना कुलपं होती, दहावं बंद व्हायच्या बेतात होतं आणि अकरावं माझं होतं.

गावातली मशीद लहान. कौलारू छप्पर, पुढे वजू करायला, म्हणजे नमाजीआधी हातपाय धुवायला, दगडी टाकी, आत चटयांच्या पाच रांगा. दहाव्या घरातले, तिथे बांग देणारे चाचा नव्वदीला टेकले होते आणि त्यांची मुलगी त्यांना मुंब्र्याला न्यायला आली होती. रिक्षात बसता बसता त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

मी म्हटलं, "चाचा, मला बांग द्यायची सवय नाही. आवाजही नाही."

ते म्हणाले, "रोज उघडत तरी जा. बंद राहिली की वाळवी लागते."

एवढंच बोलले. मला वाटलं होतं, ते काहीतरी मोठं सांगतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीद उघडली, झाडली, टाकीत पाणी भरलं. कर्ण्याची बॅटरी कधीच मेली होती. वीजही नव्हती. मी पश्चिमेला तोंड करून, कानांवर हात ठेवून नुसत्या गळ्याने बांग दिली. दोनदा आवाज फाटला. मग वाट पाहिली. कुणी येणार नाही हे ठाऊक असूनही दाराकडे दोन-तीनदा मान वळली. नंतर एकट्याने नमाज पढलो.

सुरुवातीला मी इमामाच्या जागी, सगळ्यांच्या पुढे उभा राहायचो. आई लहानपणी सांगायची, की एकट्या माणसाने बांग देऊन नमाज धरली तर त्याच्या मागे फरिश्ते रांगा करून उभे राहतात. साठाव्या वर्षी मी ते आठवून पाहिलं. पण पाठीला रिकामी मशीद जाणवायची. नमाज संपवताना उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम करतात. मी दोन्हीकडे करायचो आणि दोन्हीकडे चटया दिसायच्या. आठवड्याभरात मी मागे सरकलो आणि पहिल्या रांगेत भिंतीला लागून उभा राहू लागलो. तिथे निदान एका बाजूला भिंत होती.

दिवस असे पाच तुकड्यांत पडले. पहाटेची फजर, दुपारची जोहर, उतरत्या उन्हातली असर, मावळतीची मगरिब, रात्रीची इशा. दोन नमाजांच्या मधे मी भाजी निवडायचो, कपडे धुवायचो, अंगणात बसायचो. कुणाशी चार वाक्यं बोलल्याशिवाय दिवसच्या दिवस जायचे. हळूहळू मात्र माझ्या मनात एक समजूत वाढायला लागली. पहाटे मी बांग दिली की समोरच्या आळीत एखादा दिवा लागे. संध्याकाळच्या बांगेच्या सुमाराला बायका ओट्यावरून उठून आत जात. मला वाटायचं, गाव माझ्या बांगेवर चालतं. हे मी कुणाला बोललो नाही, पण मनातल्या मनात त्यावर जगत होतो.

शुक्रवारची नमाज एकट्याने होत नाही. त्यासाठी मी सहा सीटर रिक्षाने भिवंडीत जायचो. एका शुक्रवारी तिथले मौलाना माणूस जमिनीवर कशासाठी पाठवला गेला, यावर बोलले. म्हणाले, खाणं, कमावणं, पोरं वाढवणं हे सगळं वाटेतलं. माणूस बनवला तो बंदगीसाठी, अल्लाहच्या भक्तीसाठी. मी हे आयुष्यभर ऐकलं होतं. पण सायझिंगमध्ये असताना ऐकणं वेगळं आणि दिवसभर दुसरं काहीच काम नसताना ऐकणं वेगळं.

नमाजीनंतर त्यांच्यापुढे लोकांची रांग होती. पाण्यावर दुआ फुंकून घ्यायला बाटल्या घेऊन आलेल्या बायका, आजारी पोरं. मौलाना माझ्या मुलापेक्षा लहान होते आणि दमलेले दिसत होते. माझा नंबर आल्यावर मी विचारलं, "मौलाना साहब, मी पाच वेळा नमाज पढतो. बांगही देतो. माझ्या गावात दुसरं कुणी नाही. बंदगी हीच असेल तर मला ती रिकामी का वाटते?"

त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. "गाँव में बिल्कुल अकेले हो?"

"जी."

"देखिए, बंदगी सिर्फ़ नमाज़ की चटाई पर नहीं होती. इन्सान को ज़मीन पर अमानतदार बनाकर भेजा है. जो हाथ में दिया गया है उसे संभालिए. और ये मत देखिए कि देख कौन रहा है."

परत येताना सहा सीटरमध्ये मी विचार करत होतो, माझ्या हातात आता दिलंय तरी काय? बायको नाही, पोरं नाहीत, नोकरी नाही. खिशात एक किल्ली होती. मौलाना चांगलं बोलले, पण त्यांना रिकामी मशीद ठाऊक नाही, असं मला वाटलं आणि मी तो विषय सोडून दिला.

आमच्या घरासमोर माझा एक शाळासोबती राहायचा. आम्ही दोघं चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे तो शेती आणि मिठागरात राहिला, मी शहरात गेलो. गोदामं वाढत कशेळीकडून आमच्या बाजूला सरकली तेव्हा त्याच्या मुलांनी जमीन विकली आणि तीन मजली बंगला बांधला. तो आता त्या बंगल्याच्या गुळगुळीत ओट्यावर बसून असायचा. एकदा मी मशिदीकडे निघालो असताना त्याने हाक मारली.

"कोनाला बोलवतंस रं रोज? कोन तर येत न्हाय."

मी हसलो आणि म्हटलं, "येतील कधीतरी."

"कवा? सगली गेली की."

मी पुढे गेलो. पण त्याने 'रोज' म्हटलं, म्हणजे तो ऐकतो, एवढं मी त्यातून उचललं आणि खूश झालो.

मग दोन वर्षं होत आली तेव्हा, पावसाळा सरता सरता मला ताप आला. पहिल्या दिवशी सकाळी उठलो तर पाय जमिनीवर ठरेनात. सांधे असे धरले की तांब्या उचलता येईना. त्या दिवसापासून मशीद उघडली नाही. मी खाटेवर पडून राहिलो. पाणी घेण्याची ताकद नव्हती, म्हणून भिंतीच्या मातीवर हात फिरवून वजूऐवजी तयम्मुम केला आणि पडल्या पडल्या डोळ्यांच्या इशाऱ्याने नमाज केली.

दार मी मुद्दाम लोटून ठेवलं होतं, कडी लावली नव्हती. मला खात्री होती, कुणीतरी येईल. शुक्रवारची दुपार सोडली तर दोन वर्षं चुकली नाही ती बांग आज आली नाही, तर एखादा तरी म्हणेल, जाऊन बघू या म्हाताऱ्याला. पहिला दिवस गेला. मी चुकलेल्या बांगा मोजायला लागलो. पाच, सहा, सात. दुसऱ्या दिवशी दुपारी दार करकरलं तेव्हा मी उशीवरून मान उचलली. एक शेळी आत आली होती. तिने कोपऱ्यातली चवळीची जुडी अर्धी खाल्ली, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. तिच्याशिवाय कुणी आलं नाही. बिस्किटं आणि पाण्यावर मी तो ताप काढला.

चौथ्या दिवशी दुपारी काठी टेकत बाहेर आलो. सतरा बांगा झाल्या नव्हत्या. समोर ओट्यावर माझा सोबती बसला होता.

"काय रं, वालून गेलास," तो म्हणाला.

"ताप होता. चार दिवस पडून होतो."

"मंग सांगाचं न्हाय?"

"कुणाकरवी सांगणार? मला वाटलं, बांग ऐकू आली नाही की तुम्हीच कुणी याल."

त्याने मला बसायला जागा केली. मग मान खाली घालून म्हणाला, "खरं बोलू? मना बांग आयकूच येत न्हाय. पोरांनी खिडक्यांना काचा बशिवल्यान. आत पंखं, टीवी. तू जाताना दिसतंस म्हनून मना म्हाईत, तू देतंस."

"आणि या चार दिवसांत?"

"मी बी घरान नव्हतो. पोरीकडं पडघ्याला गेल्तो. आजच आलो." मग त्याने आत बसलेल्या सुनेला विचारलं, "गो, चार दिस बांग व्हती का?"

आतून तिचा आवाज आला, "कसली बांग?"

ती चांगली पोर. पुढे तिने आठवडाभर मला दोन वेळची पेज पाठवली. तिच्या आवाजात काहीच वावगं नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं. मग मला उमगलं, समोरच्या आळीतले दिवे पाळीवर जाणाऱ्या गोदामातल्या कामगारांसाठी लागत होते. बायका डास होतात म्हणून आत जात होत्या.

मी घरी येऊन खाटेवर बसलो. तब्येत सुधारत होती, पण मशीद उघडावी असं वाटेना. नमाज घरातच पढलो, तीही उरकल्यासारखी. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. गावावर काढावा, तर गावाने मला बांग द्यायला सांगितलं नव्हतं. अल्लाहवर काढायची हिंमत नव्हती. मग विचार करता करता मला माझीच लाज वाटायला लागली. दोन वर्षं मी दिवसातून पाच वेळा गावाला ओरडून सांगत होतो, की मी इथे आहे. आणि त्यालाच बंदगी म्हणत होतो.

हे कळलं म्हणून बरं वाटलं, असं मात्र नाही. उलट जास्तच पोकळ वाटलं. ती समजूत गेली तर हातात काय उरलं? अंथरूण, चूल आणि नमाजीच्या पाच वेळा. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा ट्रक अडकला. नाशिककडून आलेला. पडघ्याला कुणीतरी चुकीचा रस्ता सांगितला होता आणि तो आमच्या शिवारातलं गोदाम शोधत गावात शिरला होता. ड्रायव्हर चाळिशीचा असेल. दाढीत धूळ. त्याने माझ्याकडे प्यायला पाणी मागितलं. पीत असताना त्याची नजर मशिदीच्या कौलांवर गेली.

"चाचा, मस्जिद बंद है?"

"चाबी मेरे पास है," मी म्हणालो.

"तो खोल दीजिए. ज़ोहर पढ़ लूँ, फिर रास्ता ढूँढूँगा."

मी कुलूप काढलं. आत कोंडलेला ओला वास होता. चौकटीच्या खालून वाळवीने वीतभर मातीची रेघ वर चढवली होती. मी चपलेने ती खरवडून काढली. ड्रायव्हरने टाकीत वाकून पाहिलं, पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि वजू केला. मग बाही खाली सोडत त्याने विचारलं, "अज़ान हो गई?"

"नहीं."

"दे दीजिए."

मी म्हटलं, "फायदा नहीं. यहाँ कोई आता नहीं."

त्याला मी काय म्हणतोय ते बहुधा नीट समजलंच नाही. तो टोपी सारखी करत म्हणाला, "कोई आए न आए, चाचा. वक़्त तो हो गया है."

तो हे काही मला शिकवायला बोलला नाही. त्याला पुढे जायची घाई होती. मी अंगणात गेलो, कानांवर हात ठेवले आणि बांग दिली. तापाने आवाज बसला होता. समोरच्या बंगल्यापर्यंतही तो गेला नसेल. पण त्या वेळी मी पहिल्यांदा शब्द म्हणताना कुणाची चाहूल घेत नव्हतो. वेळ झाली होती, आणि ती झाली असं म्हणायचं काम माझ्याकडे होतं.

दोघंच असले की मागे रांग होत नाही. दुसरा माणूस उजव्या हाताला, जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभा राहतो. तसा तो राहिला. त्याच्या सदऱ्याला डिझेलचा वास होता. वाकताना त्याचं कोपर मला लागलं. दोन वर्षांत या मशिदीत मला माणसाचा स्पर्श झाला नव्हता. कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा मला भरून आलं, आणि मी ठरल्यापेक्षा जरा जास्त वेळ तिथेच राहिलो. शेवटी सलामासाठी उजवीकडे मान वळवली तर चटईऐवजी एका माणसाचा गाल दिसला.

नंतर मी त्याला विचारलं, "रास्ते में अकेले पढ़ते हो?"

"ज़्यादातर. गाड़ी बाजू में लगाकर," तो म्हणाला. "घर तो साल में एक बार जाता हूँ."

मी त्याला शेवया खायला थांब म्हटलं. तो थांबला नाही. मी पुढे उभा राहून हातवारे करत त्याचा ट्रक गल्लीतून मागे काढायला मदत केली, गोदामाची वाट दाखवली. त्याने काचेतून हात केला. तो पुन्हा कधी आला नाही. पुढची काही वर्षं गावात ट्रक शिरला की मी उठून बघायचो.

त्या दिवसापासून मशीद मी रोज उघडली. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं. तोच म्हातारा, तीच टाकी, त्याच रिकाम्या चटया. मौलानांचं बोलणं मात्र मला थोडं थोडं उमगायला लागलं. माणसाला जमिनीवर कशासाठी ठेवलं, याचं उत्तर मी एखाद्या मोठ्या कामात शोधत होतो. माझ्या वाट्याला मोठं काम नव्हतं. एक कौलारू इमारत होती, तिच्या पाच वेळा होत्या, आणि मला बघणारा असा एक होता की ज्याला मी दिसण्यासाठी ओरडावं लागत नव्हतं. हे रोज पटायचं असं नाही. पुष्कळ दिवस मी नुसता सवयीने उठलो.

माझा सोबती तापाच्या प्रकरणानंतर ओशाळला होता. तो संध्याकाळी मशिदीच्या पायरीवर येऊन बसू लागला. मी आत नमाज पढायचो, तो बाहेर तंबाखू मळायचा. एकदा मी बाहेर आलो तर त्याने तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी थट्टेने नाही.

"अजून सांग ना. कोनाला बोलवतंस?"

मी म्हटलं, "पहिलं तर मलाच. बांग दिली की सगळ्यात जवळून मीच ऐकतो. मग मला जावंच लागतं."

त्याने बराच वेळ तंबाखू मळली. "तुना जावाला जागा हाय," तो म्हणाला. "जमीन व्हती तवा मी बी उठायचो. बांधावर जाऊन नुसता उभा रायलो तरी बरा वाटं. आता पोरं बोलतान, बाबा, तुमी आराम करा. कसला आराम? उठून करू काय?"

आमच्या धर्मात असं असं सांगितलंय, हे त्याला त्या वेळी ऐकवणं बरं दिसलं नसतं. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. खाडीवरून वारा येत होता आणि पलीकडे गोदामांच्या पत्र्यांवर शेवटचं ऊन होतं. इशापर्यंत आम्ही तसेच बसलो.

पुढच्या वर्षी त्याच्या मुलांनी ठाण्यात फ्लॅट घेतला आणि त्याला घेऊन गेले. जायच्या आदल्या दिवशी तो आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "सातवा माला हाय. लिफ्ट हाय." बंगला गोदामाच्या मॅनेजरला भाड्याने गेला. संध्याकाळी पायरी मोकळी झाली, आणि ते मला मशीद रिकामी असण्यापेक्षा जास्त लागलं, हे मी कबूल करतो.

त्यानंतर मुलगा सुट्टीवर आला. पंधरा दिवस तो माझ्याबरोबर राहिला आणि पाचही वेळा माझ्या उजव्या हाताला उभा राहिला. जायची वेळ जवळ आली तसं त्याने बोलणं काढलं.

"अब्बा, मुंब्र्याला खोली बघतो. खाली मशीद आहे, दर नमाजीला दोनशे माणसं असतात. इथे तुमच्याकडे आहे काय?"

"इथे मला ठेवलंय," मी म्हणालो.

"कुणी ठेवलंय? कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी टाकीत पाणी ओतायला घेतलं. तो चिडला नाही. काही वेळाने स्वतःच म्हणाला, "परत ताप आला तर?"

"तर येईल. तू फोन घेऊन दिलायस ना."

त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला तो चटया झटकायला गेला. तिसऱ्या दिवशी मी त्याला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. गाडी सुटल्यावर फलाटावरच्या बाकावर थोडा वेळ बसलो, मग उठून परत निघालो, कारण असरची वेळ जवळ आली होती.

एकटेपणा गेला, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो आहे, आणि वय वाढतंय तसा तो वाढतोय. गुडघे वाकत नाहीत म्हणून आता मी खुर्चीवर बसून नमाज पढतो. संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवतो. इतकी वर्षं झाली, तरी एका माणसापुरता भात लावणं मला जमत नाही. थोडा उरतोच. सकाळी तो मी खाडीच्या वाटेवर कुत्र्यांना घालतो. तीन आहेत, त्यातलं एक लंगडं आहे, आणि त्याला मी वेगळा वाढतो.